कोरडा दांडा

पहिला फटका सुलक्षणाच्या उजव्या हातावर बसला, कारण तिने तो हात पाण्याच्या मोटारीवर आडवा धरला होता. दोन बोटं काडकन वाजली. तिच्या नवऱ्याने, भटूने, कुदळीचा दांडा पुन्हा उचलला.

"हात काढ!"

"नाही काढणार. माले परीक्षा शे आज."

दुसरा फटका खांद्यावर आला, तिसरा पाठीवर. सुलक्षणा मोटारीवर पालथी पडली आणि तिने ती दोन्ही कोपरांत कवटाळली.

मोटार गावातल्या लोटन आबांच्या विहिरीवरची होती. उन्हाळ्यात जळाली तेव्हा आबांनी ती शिंदखेड्याच्या दुकानात न नेता सुलक्षणाला भरायला दिली. तिने आतली जळकी तार काढली, नवी तांब्याची तार मोजून गुंडाळली, वार्निश दिलं. पंधरा दिवस लागले. आज दहा वाजता शिंदखेड्याच्या प्रशिक्षण केंद्रात हीच मोटार परीक्षकांसमोर चालवून दाखवायची होती. चालली तर प्रमाणपत्र आणि केंद्राच्याच वर्कशॉपमध्ये काम. आज चुकली तर पुढची परीक्षा वर्षाने. आणि पुढच्या वर्षी भटू आपल्याला घराबाहेर पडू देणार नाही, हे ती जाणून होती.

अंगणाला भिंत होती आणि पत्र्याचं दार. सासू लिलाबाईने नेहमीप्रमाणे दाराला आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसली. मुलगा सुनेला मारू लागला की ती एवढंच करायची. शेजारपाजारच्यांनी आत येऊ नये.

"हळू रे भटू," ती म्हणाली. "आवाज बाहेर जास."

"जाऊ दे! बठ्ठं गाव हासस माले. कापूसना जिनिंगवर काल मुकादम काय म्हने? तुनी बायको मोटारी भरस, आते तू घागरी भर. चाळीस हमाल हासनात!"

"मग त्यांना मारा ना," सुलक्षणा मोटारीवरूनच म्हणाली.

भटूने तिचे केस धरून तिला मागे ओढलं. ती सडा घातलेल्या ओल्या अंगणात घसरत गेली. तिच्या ओठातून रक्त आलं. त्याने मोटारीला लाथ मारली. मोटार जड होती, हलली नाही. त्याचाच अंगठा दुखावला आणि तो आणखी पिसाळला. त्याने दांडा फेकून दिला.

"चालाडनी शे ना तुले मोटार? थांब. मीच चालाडस. अशी चालाडस, धूर निघाले पाहिजे!"

तो भिंतीकडे गेला. भिंतीवरून विजेच्या तारा जात होत्या. भटूच्या घरात दहा वर्षांपासून आकड्याची, चोरून घेतलेली वीज होती. रोज संध्याकाळी तो बांबूने दोन वायरी वरच्या तारांवर अडकवायचा आणि सकाळी काढून ठेवायचा. आकडा टाकणाऱ्यांचा एक नेम असतो. आधी खालची उघडी टोकं बोर्डात घट्ट बसवायची, मग वर आकडा टाकायचा. उलटं कधी करायचं नाही, कारण मग हातातली टोकं जिवंत होतात. दहा वर्षांत भटूने उलटं केलं नव्हतं.

आज त्याने आधी आकडे टाकले.

"टोकं हातात घेऊ नका!" सुलक्षणा ओरडली. "पाय ओले शेत तुमचे!"

"तू शिकाडशी माले?" तो म्हणाला आणि वायरी मोटारीला लावायला खाली वाकून त्याने त्या उचलल्या.

पुढचं एका क्षणात घडलं. भटूची मान मागे गेली. तोंडातून घुर्र असा आवाज आला आणि उजवी मूठ वायरीवर आवळली गेली. तो पडलाही नाही. तसाच उभा थरथरत राहिला आणि मुठीतून धूर निघू लागला.

"भटू! मना आंडोर!" लिलाबाई मुलाकडे धावली.

सुलक्षणाने तिला खांद्याने धडक दिली. म्हातारी दोन हात लांब जाऊन पडली.

"हात लावू नका! लावला तर तुम्हीही चिकटाल!"

केंद्रातल्या मोनाली मॅडमनी हा धडा सर्वांत आधी शिकवला होता. सुलक्षणा सातवीपर्यंतच शिकलेली, म्हणून चुलीपुढे बसून तो पाठ करायची. आधी वीज बंद करा. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला सोडवा. इथे बंद करायला बटणच नव्हतं. आणि कोरडं लाकूड तिच्या पायाशी, घराच्या पायरीवर पडलं होतं.

सुलक्षणाने दांडा पाहिला, पण उचलला नाही. एक श्वास. दुसरा श्वास. तिची बोटं ठणकत होती. धड्यात फक्त 'माणूस' असा शब्द होता. कोणाचा कोण, त्याने काल काय केलं आणि तो उद्या काय करणार, हे त्यात नव्हतं.

तिने डाव्या हाताने दांडा उचलला आणि कोरड्या पायरीवर चढून भटूच्या मनगटावर हाणला. मूठ सुटली नाही. मग तिने ओठ आवळले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून दुसरा फटका घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. हात लोंबकळला, वायर निसटली आणि भटू धाडकन कोसळला. त्याच दांड्याने तिने जिवंत वायरी दूर सरकवल्या.

बाहेर लोटन आबा दार ठोठावत होते. मोटार मोटरसायकलवरून एसटीपर्यंत पोचवायला ते आले होते. लिलाबाईने कडी काढली.

आबांनी अंगणात पाहिलं. "काय व्हयनं वं? नवराले मारं तू?"

भटू डोळे उघडून कण्हला, "इनी माले मारं, आबा."

"मारं," लिलाबाई म्हणाली. "म्हनीसन जित्ता शे तू. आबा, त्याआधी याने तिले मारं. मी कडी लाईसन बशेल व्हतू."

आबांनी खिशातून फोन काढला.

"एकशेआठला फोन करा," सुलक्षणा म्हणाली. "विजेचा झटका बसलेला माणूस बरा वाटला तरी दवाखान्यात न्यावा लागतो. आणि मोटार पण त्याच गाडीत टाका."

रुग्णवाहिकेत भटू झोपून होता, शेजारी लिलाबाई आणि सुलक्षणा, आणि त्याच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली मोटार. वाटेत तो एकदाच बोलला. "उतरू नको मध्येच. तुले दखाडस मी घरी."

"घरी?" सुलक्षणा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

शिंदखेड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट पाहून विचारलं, "हे कसं मोडलं?"

"मी मोडलं. विजेला चिकटले होते, दांड्याने सोडवलं."

"आणि तुमची बोटं?"

"यांनी. त्याच दांड्याने. दोन्ही लिहा."

"खोटं बोलस ती!" भटू ओरडला.

डॉक्टरांनी लिलाबाईकडे पाहिलं. तिने पदर तोंडावर धरला, मग काढला. "खरं शे साहेब. लिखा."

डॉक्टरांनी सुलक्षणाच्या बोटांना पट्टी बांधून दिली. नर्सने भटूचा कागद पुढे केला. इथे बायकोची सही लागेल, ती म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते.

"मी आई शे. मी अंगठा देस," लिलाबाई म्हणाली. "तू जाय, सुलक्षणा."

"परत येशी ना वं?" भटूने विचारलं. या वेळी आवाज वेगळा होता.

सुलक्षणाने डाव्या हाताने गोणपाटाची गाठ धरली आणि मोटार फरफटत दारापर्यंत नेली. तिथून पुढे रिक्षावाल्याने उचलून दिली.

दहा वाजून पाच मिनिटांनी रिक्षावाल्याने ती केंद्रात परीक्षकांसमोरच्या टेबलावर ठेवली. सुलक्षणाने डाव्या हाताने वायरी जोडल्या, पाय कोरडे आहेत ना ते खाली बघून तपासलं आणि बटण दाबलं. मोटार गरगरली, स्थिर झाली आणि एका सुरात चालू राहिली. मोनाली मॅडम तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहत होत्या. सुलक्षणा मोटारीला कान देऊन उभी होती.