डुकराची झडप

इस्पितळातून घरी येऊन तेवीस दिवस झाले होते आणि नेसनला अजून बहुतेक गोष्टींची किळस येत होती. उकडलेल्या रताळ्यांच्या वाफेची, नारळाच्या दुधाची, स्वतःच्या घामाची. गंजलेला खिळा जिभेखाली धरून ठेवावा तशी चव दिवसभर तोंडात असे. खोकला आला की उशी छातीशी आवळून खोकायचं, असं ऑस्ट्रेलियातल्या नर्सने शिकवलं होतं. त्या उशीवर पडलेला डाग पाहिला की त्याला शिसारी यायची आणि तो उशी उलटी करायचा. दुसऱ्या बाजूलाही डाग होताच.

सगळ्यात जास्त किळस येई ती पाहुण्यांची. लगूनच्या, म्हणजे प्रवाळाने अडवलेल्या उथळ समुद्राच्या, या काठावर माणूस आजारातून उठला की गाव त्याच्याकडे गाणी घेऊन येतं. रोज संध्याकाळी आठ-दहा बाया ओसरीवर बसत, दोन भजनं म्हणत, देवाचे आभार मानत आणि मग नेसनच्या तोंडाकडे बघत. नेसन गावाचा हसरा माणूस होता. चर्चच्या मंडळीतला ज्येष्ठ, म्हणजे पाळक गावात नसला की उपासना चालवणारा. पण त्याची ख्याती प्रवचनापेक्षा विनोदांची. त्यामुळे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "छाती उघडली तर आत नुसती रताळी निघाली. डॉक्टर म्हणाला, आधी जेवून घेऊ." बाया पोट धरून हसल्या. मग जी नवी टोळी येई तिला तोच विनोद हवा असे. नवव्या वेळेला तो सांगताना नेसनला उन्हात राहिलेल्या माशासारखा वास आला.

खरं आत काय निघालं आणि काय बसवलं, ते त्याने बायको सोडून गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. पाकिटात इस्पितळाचं कार्ड होतं. त्यावर हृदयात बसवलेल्या झडपेचा नंबर होता आणि ती कोणत्या जनावराची, तेही होतं. डुकराची.

या गावात डुक्कर खात नाहीत, पाळत नाहीत, जेवताना त्याचं नाव काढत नाहीत. नेसनच्या आजोबांनी शनिवारचा धर्म, म्हणजे शनिवारी शब्बाथचा विसावा पाळणारा ख्रिस्ती पंथ, घेतला तेव्हा गावातली सगळी डुकरं होड्यांत घालून समोरच्या किनाऱ्यावर देऊन टाकली होती. समोरचे रविवारवाले. ते अजून डुकरं पाळतात आणि वारा फिरला की तिकडचा वास इकडे येतो. नेसनची बायको सालोमे तिकडची. लग्नानंतर इकडच्या धर्मात आलेली. तिचा धाकटा भाऊ टिवुरू तिकडेच राहतो आणि त्याच्याकडे अकरा डुकरं आहेत. कार्डावरची गोष्ट पाळक सोडला तर गावाबाहेर कोणाला ठाऊक असेल तर त्याला, कारण सालोमेला भावापासून काही लपवता येत नाही.

शुक्रवारी सकाळी टिवुरू होडी ओढून वर आला. केळ्यांचा घड ओसरीवर ठेवला आणि बसला.

"काय दाजी. आमची मुलगी कशी आहे?"

"कोणती मुलगी?"

"आतली. माझी पांढरी डुकरीण रोज विचारते, पोरगी सासरी नीट नांदते का म्हणून."

चुलीपाशी सालोमे हसली. नेसन हसला नाही.

"हळू बोल."

"कोण ऐकतंय? तुमच्या बाया संध्याकाळी येतात. आणि आता आपलं नातं दोन्हीकडून लागलं, त्यात लाजायचं काय?"

"टिवुरू, मला रात्रंदिवस वाटतं की आत कोणीतरी काहीतरी चघळतंय."

"आवाज येतो?"

"नाही. तेच तर."

"मग झोपलं असेल. डुकराला झोप फार."

"तुला हसायला काय होतंय. तू खातोस ते."

"खातो, म्हणूनच सांगतो." टिवुरूने एक केळं सोललं. "मी मारतो तेव्हा आधी त्याच्या मानेवर हात ठेवतो. सगळे नाही ठेवत, आमचा बाप ठेवायचा. तुम्ही डॉक्टरचे आभार मानलेत, विमानाचे मानलेत, मंडळीचे तर रोजच चाललेत. जीव कोणाचा गेला, दाजी?"

नेसन कठड्यापलीकडे थुंकला. टिवुरूने उरलेलं केळं खाल्लं आणि बहिणीला हाक मारून मिठाची पुडी मागितली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिमाहीचा प्रभुभोज होता, मंडळीने मिळून भाकर घेण्याचा विधी. पाळक दुसऱ्या बेटावर अडकला होता, म्हणजे भाकर मोडायचं काम नेसनचं. आजारातून उठून पहिल्यांदाच तो मेजापाशी उभा राहणार होता आणि गावाने ते ठरवूनच टाकलं होतं. पाळकाला त्याने फोनवर सगळं सांगितलं होतं. पाळक म्हणाला होता, "मनाई खाण्याची आहे, जगण्याची नाही. आणि सांगत सुटायचीही गरज नाही." नियम साफ होता. पण नियमाने पोटातली मळमळ थांबत नव्हती.

खरी अडचण भाकरीआधी होती. भाकर घेण्यापूर्वी एकमेकांचे पाय धुवायचे आणि धुताना दोघांमध्ये जे काही लपलेलं असेल ते बोलून मोकळं व्हायचं, असा रिवाज. नेसनचा जोडीदार तीस वर्षं एकच: जुघा. वय ऐंशीच्या पुढे. एकदा कोणीतरी जुघाची होडी न विचारता नेली आणि तिच्यातून डुक्कर आणलं, तर म्हाताऱ्याने ती वाळूने सात वेळा घासली आणि शेवटी विकून टाकली. लपवून त्याच्या हातात पाय द्यायचे तर मोडलेली भाकर खोटी. सांगायचं तर जुघा नेसनच्या हातचं घेणार नाही, आणि जुघाचा चेहरा बघून गाव चालतं. तीस वर्षांची मेजापाशी उभी राहण्याची जागा उद्या दुपारपर्यंत राहील की जाईल, एवढाच प्रश्न होता.

त्या शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ लागायच्या आत स्वयंपाक उरकायचा म्हणून सालोमे कसाव्याच्या कंदाच्या वड्या पानांत बांधत होती. नेसन तिच्यापाशी येऊन बसला.

"मी उद्या सांगणार आहे."

"सांगा."

"सांगेन की मी नाही म्हटलं होतं. निरोप पोचायला उशीर झाला."

सालोमेचे हात थांबले.

घडलं होतं ते असं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मोठा डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला होता की झडपा दोन तऱ्हेच्या. धातूची घेतली तर जन्मभर दर पंधरवड्याला रक्त तपासावं लागेल, आणि तुमच्या लगूनमध्ये ती सोय नाही. दुसरी डुकराची. तिला ती कटकट नाही. चालेल ना? नेसन म्हणाला, "हो." एवढा मोठा माणूस आपल्या पलंगावर येऊन बसतो तेव्हा त्याच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. लगूनमध्ये नकार मागाहून जातो, तिसऱ्या माणसाच्या तोंडून, म्हणजे कोणाचाच चेहरा पडत नाही. डॉक्टर गेल्यावर नेसनने सालोमेला सांगितलं होतं, "त्यांना जाऊन सांग, नको." ती गेली होती. पहाटे त्याला नेलं तेव्हा त्याला वाटलं धातूचीच बसवणार. चौथ्या दिवशी कार्ड हातात आलं. सालोमे म्हणाली, डॉक्टर भेटलेच नाहीत.

"भेटले होते," ती आता म्हणाली.

"काय?"

"बाहेरच भेटले, लिफ्टपाशी. मला म्हणाले, काही शंका आहे का? मी म्हटलं, नाही."

"मी तुला काय सांगून पाठवलं होतं?"

"नको म्हणून सांग."

"मग?"

"मग काय." तिने पान दुमडलं. "पंधरा दिवसांनी रक्त तपासायला तुम्हाला होडीतून कुठे नेणार होते मी? ते लिफ्टमध्ये शिरले. मी उभी राहिले. दार लागलं."

नेसन उठला. उठताना हाताचा टेकू घ्यायचा नाही, छातीचं हाड शिवलेल्या तारा ओढल्या जातात, हे विसरला आणि कळवळला. सालोमे धरायला आली, तिचा हात त्याने झटकला. तिच्या बोटांना कसाव्याचा चीक लागला होता. तो त्याच्या दंडाला लागला आणि तो दंड त्याने घासघासून धुतला. ज्या घरात ती जन्मली तिथल्या अंगणात डुकरं फिरतात, असा एक घाणेरडा विचार त्याच्या मनात आला आणि बसून राहिला. त्या संध्याकाळी शब्बाथ सुरू झाल्यावर दोघांनी शेजारी बसून प्रार्थना केली.

सकाळी चर्च भरलं होतं. पाय धुण्याच्या वेळी पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. मध्ये नारळाच्या झावळ्यांचा पडदा, ज्यातून दिसत नाही पण सगळं ऐकू येतं. नेसनला वाकायची मनाई, म्हणून जुघाच आधी पाटावर बसला. पांढरा टॉवेल कमरेला, प्लास्टिकचं घमेलं पुढ्यात. त्याने नेसनचा डावा पाय धरला, पाण्यात घातला, घोट्यापर्यंत सावकाश धुतला, पुसला. मग उजवा घेतला.

"पायावरची सूज उतरली तुझ्या," तो म्हणाला. "देवाची कृपा."

"जुघाबाबा, माझ्यात एक लपलेलं आहे."

"बोल."

"माझ्या छातीतली झडप डुकराची आहे."

म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. म्हणून त्याने विचारलं ते मोठ्याने.

"कशाची?"

"डुकराची."

आजूबाजूची घमेली एकेक करून गप्प झाली. पडद्यापलीकडे कोणीतरी पाणी ओतत होतं, तेही थांबलं. जुघाने पाय सोडला नव्हता, पण हात ताठ झाले होते. तो विचार करत होता, आणि करता करता त्याला वाट सापडली. चेहरा जरा सैल झाला.

"तुला विचारलं नसेल," तो म्हणाला. "गोरे लोक विचारत नाहीत. तू बेशुद्ध होतास."

नेसनने पडद्याकडे बघितलं.

"किंवा तू नाही म्हणाला असशील आणि कोणी ऐकलं नसेल. मग ते तुझ्या अंगावर नाही. ज्याने ऐकलं नाही त्याच्या अंगावर. सांग ना, नाही म्हणाला होतास ना?"

दार उघडं होतं. एक शब्द बोलला की जागा राहणार होती. पडद्याच्या झावळ्या अजिबात हलत नव्हत्या. तिकडे सालोमे कुठे बसलीय ते त्याला माहीत होतं, दरवेळी ती तिसऱ्या बाकापाशी बसते. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती एकटी उभी होती, परक्या देशात, सदतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचा नकार पोटात ठेवून. आणि डॉक्टरला आपण आपल्या तोंडाने काय सांगितलं, तेही त्याला आठवत होतं.

"मला विचारलं होतं," नेसन म्हणाला. "मी हो म्हणालो."

जुघाने पाय पाण्यात सोडून दिला. हात टॉवेलला पुसले, मग टॉवेलकडे बघितलं, तो सोडून जमिनीवर टाकला आणि शर्टाला पुसले. ओठ दुमडले होते, नाकपुड्या वर चढल्या होत्या, जीभ तोंडात कशाला तरी शिवू नये म्हणून मागे खेचलेली असावी. नेसन तो चेहरा बघत राहिला. तेवीस दिवस दाढी करताना आरशात हाच चेहरा होता. इतका हुबेहूब, की त्याला हसू फुटलं. हसताना छाती चिरल्यासारखी दुखली. उशी घरी राहिली होती. त्याने दोन्ही हातांनी स्वतःला आवळून धरलं आणि हसला.

"हसतोस?" जुघा म्हणाला.

"तुम्हाला नाही हसत, बाबा."

जुघा काठी घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसला. नेसनने ओला पाय स्वतःच्या रुमालाने पुसला आणि मेजापाशी गेला.

"आता सगळ्यांनी ऐकलंच आहे," तो म्हणाला. "ज्याला माझ्या हातचं नको वाटेल त्याने थाळी पुढे जाऊ द्यावी. मी राग धरणार नाही. मलासुद्धा तीन आठवडे मी नकोच होतो." बायांच्या बाजूला कोणीतरी नाकातून फसकन हसलं. "देवाचे आभार. डॉक्टरांचे आभार. माझ्या बायकोचे आभार. आणि त्या जनावराचे. मला निदान विचारलं तरी. त्याला कोणी विचारलं नव्हतं."

मग त्याने भाकर मोडली, माणशी एक तुकडा. थाळ्या फिरल्या. ज्यांनी घेतले त्यांनी तुकडे हातात धरले आणि रिवाजाप्रमाणे एकदमच तोंडात घातले.

उरलेली भाकर घरी नेत नाहीत, चर्चमागे जाळतात. दुपारी नेसन थाळी घेऊन मागे उभा होता. सालोमे काडेपेटी घेऊन आली.

"किती राहिले?"

"सहा."

"मला वाटलं होतं अर्धी थाळी राहील."

"जुघाबाबाचा, त्यांच्या घरातले तीन. बाकीचे दोन कळत नाहीत."

"कळून काय करायचंय." तिने काडी ओढली. वाऱ्याने विझली, दुसरी काढली. "आणि तुमच्या मुठीत काय आहे?"

नेसनने मूठ उघडली. सातवा तुकडा त्याचा स्वतःचा होता. बाकीच्यांनी खाल्ला तेव्हा त्याचा हात तोंडापर्यंत गेलाच नव्हता. घामाने तो मऊ आणि करडा झाला होता.

"टाका त्यात," ती म्हणाली.

त्याने तो तोंडात घातला, चावला आणि गिळला.

"कसा लागला?"

"खिळ्यासारखा," नेसन म्हणाला, आणि तिची काडी विझू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूला दोन्ही हात धरून उभा राहिला.