मिस ओडेसाच्या परसातला कान

मी एक जुना मायक्रोफोन आहे. गाण्याबिण्याचा नाही. माझ्यासमोर उभं राहून कुणी कधी गळा साफ केला नाही, की हार घातला नाही. मी विमानांचा आवाज मोजतो. केंटकी राज्यात ब्रॅडशॉ नावाचं गाव आहे. तिथल्या विमानतळापासून दीड मैलावर, विलो लेन नावाच्या गल्लीत, मिस ओडेसाच्या परसात वीस फुटी खांबाच्या टोकावर मी चौदा वर्षं काढली. डोक्यावर काळ्या स्पंजची गोल टोपी, आणि पक्षी बसू नयेत म्हणून टोपीभोवती तारेचे काटे. लांबून पाहिलं तर जळका लाडू काठीला टोचून ठेवल्यासारखा दिसतो मी. हसा मित्रांनो, सवय आहे मला.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला जाड भिंतींच्या खोलीत ठेवून तीन दिवस नुसती शांतता ऐकवली. मला वाटलं, काय झकास नोकरी आहे! मग मला खोक्यात घालून अमेरिकेला पाठवलं. कशातून पाठवलं असेल? विमानातून. पोटात बसवून माझ्या जन्माच्या वैऱ्याने मला कामावर आणून सोडलं.

मला कुठे उभं करायचं यावरूनच पहिलं भांडण झालं. विमानतळवाले म्हणाले, गोल्फच्या मैदानामागच्या तळ्याकाठी. तिथे बेडकाशिवाय कुणी तोंड उघडत नव्हतं. गल्लीवाले म्हणाले, धावपट्टीच्या अगदी टोकाशी. तिथे माझी टोपीच उडून गेली असती. शेवटी मिस ओडेसा म्हणाली, "माझ्या परसात लावा आणि भांडायला दुसरीकडे जा. माझी पोरं जेवतायत."

मिस ओडेसा प्रुइट म्हणजे आडव्या बांध्याची, उभ्या स्वभावाची बाई. घरातच पाळणाघर चालवायची. अकरा पोरं, सगळी पाच वर्षांच्या आतली. दुपारी एक वाजता अकरा गाद्या पसरायच्या आणि पोरांनी झोपायचं, असा नियम. विमानतळाचाही एक नियम होता. त्यांची सहा विमानं एक ते दोनच्या मध्येच सुटायची. एक वाजून चार मिनिटांनी पहिलं जायचं आणि बो नावाचा पोरगा टुणकन उठून बसायचा. बो रडला की जुळ्या उठायच्या, जुळ्या उठल्या की सगळी गादी-पलटण उभी. तीन आयांनी आपापली पोरं दुसरीकडे घातली. उरली आठ. मग दोन वर्षांपूर्वी राज्याची तपासणीवाली बाई आली, गुडघ्यावर कागद ठेवून लिहून गेली, "मुलांना झोप मिळत नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा पाहू. तेव्हाही असंच असेल तर परवाना रद्द."

म्हणजे जूनपर्यंत पोरं झोपली पाहिजेत, नाहीतर पाळणाघर बंद. एवढीच गोष्ट होती मित्रांनो. बाकी सगळा तमाशा होता.

आता तमाशा सांगतो. वॉशिंग्टनच्या सरकारचा एक आकडा आहे, पासष्ट. वर्षभरातली सगळी विमानं, त्यांच्या मधली शांतता, दिवस, रात्र, सगळं एका पातेल्यात ओतून ढवळायचं आणि सरासरी काढायची. ती पासष्ट डेसिबल भरली तर घराला जाड काचेच्या खिडक्या फुकट. चौसष्ट पॉइंट नऊ भरली तर तुमच्याकडे शांतता आहे, अभिनंदन! आणि ती सरासरी काढायची माझ्या कानावरून. आठ पोरांची झोप माझ्या डोक्यावर, त्या डोक्यावर काटे.

त्यात वॉशिंग्टनहून निरोप आला, की हा पासष्टचा नियम बदलावा का, याचा विचार चालू आहे, लोकांनी मत कळवावं. विमानतळ आणि शेजारी यांनी मिळून एकच पत्र लिहिलं तर फार बरं. मिळून! ब्रॅडशॉमध्ये!

तरी समिती झाली. तिचं नाव गोलमेज, टेबल मात्र लांबलचक चौकोनी. वाचनालयाच्या तळघरात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बैठक. एका बाजूला गल्लीवाले, त्यांचा म्होरक्या ग्रेडी हॉलनबेक. हा शाळेच्या बँडचा निवृत्त मास्तर, याच्या गळ्यात कायम ट्रॉम्बोन, म्हणजे लांब नळीचं पितळी वाद्य, असल्यासारखं बोलणं. समोर विमानतळाचा आवाज-अधिकारी लाइल फेन्स्टरमेकर. बारीक, इस्त्रीचा, कधीही घाम न येणारा माणूस. तुम्ही म्हणाल, तू तर खांबावर, तुला तळघरातलं कसं कळलं? बैठकीनंतर दोन्ही बाजू मिस ओडेसाच्या कुंपणाशी येऊन उरलेलं भांडण पुरं करायच्या. कान हेच माझं शरीर आहे मित्रांनो. मला न ऐकायची सोयच नाही.

"सात महिने झाले," मिस ओडेसा कुंपणावर हात ठेवून म्हणायची, "पत्राचं पहिलं वाक्य तरी झालं का?"

"झालं असतं," ग्रेडी म्हणायचा. "पण आधी सही कुणी करायची? हा म्हणतो विमानतळाने."

"विमानतळ आधी होता," लाइल म्हणायचा. "तुमची घरं नंतर झाली, मिस्टर हॉलनबेक."

"तुझ्या विमानतळावर तेव्हा दोन औषध फवारायची विमानं होती रे! आणि एक म्हैस!"

"गाय होती. नोंद आहे."

असे लोक.

ग्रेडीला त्या वर्षी मार्चमध्ये एक कल्पना सुचली. आकडा पासष्टवर गेला पाहिजे ना? मग कानाला जरा मदत करू! विमान डोक्यावर आलं की तो परसाच्या कडेला येऊन माझ्याकडे तोंड करून ट्रॉम्बोन फुंकायचा. नुसता सूर नाही, शिवी असते ना, ती पितळेतून कशी निघेल, तशी. मग गल्लीतल्या बाकीच्यांनाही चेव आला. कुणी पानं उडवायचं यंत्र घेऊन यायचं, कुणी तवे बडवायचं. एका म्हातारीने तर आपला बहिरा कुत्रा आणला. तो भुंकायचा नाही, म्हणून तीच भुंकायची. विमान गेलं की सगळे एकमेकांच्या पाठी थोपटायचे.

"मोज, मोज बेट्या!" ग्रेडी मला खालून ओरडून सांगायचा. "सगळं लिहून घे!"

आणि मी आतल्या आत तळमळायचो. कारण नियम असा आहे मित्रांनो: विमानाच्या आवाजात दुसरा कसलाही आवाज मिसळला, तर ते विमान मोजणीतून बाद. अस्वच्छ नोंद. ते विमान आलंच नव्हतं असं धरायचं. म्हणजे ग्रेडीने जितक्या जोरात फुंकलं, तितकी विमानं हवेत विरघळली. रोज दुपारी एक ते दोन ही माणसं घाम गाळून विमानतळाची बाजू बळकट करत होती, आणि मला "अहो, गप्प बसा" एवढंही म्हणता येत नव्हतं. मला तोंड दिलंच नाही कुणी. जगात ऐकणाऱ्याची किंमत इतकीच.

जानेवारीत आकडा आला. त्रेसष्ट पॉइंट आठ. खिडक्या नाहीत.

त्या गुरुवारी वाचनालयाचा नळ फुटला होता, म्हणून बैठक मिस ओडेसाच्या परसातच झाली, अंगावर कोट घालून, छोट्या पोरांच्या छोट्या खुर्च्यांवर. ग्रेडीचे गुडघे कानाला लागत होते. त्यामुळे तो आणखीच पेटला.

"चोर!" तो म्हणाला. "आकडे खाल्लेस तू, लाइल! रेकॉर्डिंग ऐकव. आत्ता, सगळ्यांसमोर!"

"नक्की ऐकवू?" लाइल म्हणाला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. बहुतेक हसू होतं. त्याला सराव नव्हता.

त्याने यंत्र लावलं. विमानाची घरघर सुरू झाली आणि तिच्यावर ट्रॉम्बोन चढला. "बाद," लाइल म्हणाला. पुढचं लावलं. विमान, ट्रॉम्बोन, तवा. "बाद." पुढचं. विमान, आणि म्हातारीचं भुंकणं. "हे आम्ही ऑफिसात दोनदा ऐकलं. पण बाद." अशी त्याने नऊ लावली, नि शांतपणे यंत्र बंद केलं. "एकूण एक हजार चारशे बारा विमानं बाद. ती धरली असती तर आकडा पासष्टच्या वर गेला असता. विमानतळातर्फे मी मिस्टर हॉलनबेक यांचे आभार मानतो."

मिस ओडेसा हळूच ग्रेडीकडे वळली.

"माझ्या खिडक्या," ती म्हणाली, "तू फुंकून टाकल्यास?"

"मिस ओडेसा, माझा हेतू..."

"तुझा हेतू त्या पितळी नळीत घाल, ग्रेडी." मग ती लाइलकडे वळली. तिचा आवाज आणखी खाली आला. मी मोजला, पन्नासही भरला नाही, पण गार पडलो. "आणि तू. तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"मार्चपासून."

"मार्चपासून! आणि दर महिन्याला माझ्या कुंपणाशी उभा राहून माझा गोड चहा प्यायलास. एकदाही बोलला नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही," लाइल म्हणाला.

"एक बोंबलतो आणि एक गप्प बसतो," मिस ओडेसा म्हणाली. "आणि परवाना जातो माझा. पुढची बैठक इथेच. दुपारी पाऊण वाजता. दोघेच या. आणि बूट बाहेर काढायचे."

आले बिचारे. गेल्यावेळच्या शब्दांचा मार अजून अंगावर होता. मिस ओडेसाने खिडकी उघडी ठेवली होती, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. तिने ग्रेडीच्या मांडीवर एक जुळी टाकली, लाइलच्या मांडीवर बो. म्हणाली, "यांना झोपवा. झोपली की पत्राबद्दल बोलू. त्याआधी एकानेही तोंड उघडलं तर दुसरी जुळीही देईन."

लाइलने बो-ला चक्क विमानतळाच्या सुरक्षेचे नियम म्हणून दाखवले, एकसुरात. बो तिसऱ्या नियमाला झोपला. खरंच झोपला! लाइलचा चेहरा म्हणे असा झाला, जसं त्याला कुणी पहिल्यांदाच आवडलं होतं. आणि एक वाजून चार मिनिटांनी ते आलं. खिडकीची काच थरथरली, बो उठला, डोळे न उघडता त्याने जी पहिली वस्तू तोंडाशी आली ती चावली. ती लाइलचा अंगठा होती. लाइल किंचाळला. जुळी उठली. ग्रेडीने गडबडीत अंगाई सुरू केली ती बँडच्या संचलनाच्या चालीत. सगळी आठही पोरं उठून गोल गोल चालायला लागली.

"हे विमान," लाइल अंगठा चोखत कुजबुजला, "एक वाजताच का सुटतं?"

"बावीस वर्षं मी तेच विचारतोय, गाढवा!"

"नाही. तुम्ही बावीस वर्षं 'चोर' म्हणताय. 'एक वाजता का' असं एकदाही विचारलं नाहीत."

मग ग्रेडीने ते विचारलं, तेही हळू आवाजात. असा ग्रेडी मी कधी पाहिला नव्हता, ऐकला नव्हता म्हणा.

पत्र त्याच दुपारी झालं, जमिनीवर बसून. त्यात लिहिलं, की वर्षाची सरासरी कुणी ऐकत नाही, माणूस एकेक विमान ऐकतो. तेव्हा सरकारने सरासरीबरोबर कोणत्या तासाला किती विमानं गेली तेही मोजावं, आणि त्या तासाला खाली कोण राहतं तेही विचारावं. सहीवरून पुन्हा जुंपली. तेव्हा मिस ओडेसाने पोरांची कागदी ताटली पुढे सरकवली. "काठाकाठाने करा. गोल आहे. पहिला कुणी नाही." तसं पत्र ताटलीसकट वॉशिंग्टनला गेलं, त्यावर बटाट्याच्या सॅलडचा डाग होता. तिकडून उत्तर आलं: आपलं पत्र आणि ताटली मिळाली, विचार चालू आहे. आजही तो चालूच आहे.

पण लाइलचा अंगठा वॉशिंग्टनसाठी थांबला नाही. तो खुद्द जाऊन विमानतळाच्या मनोऱ्यात बसला, आणि वारा बरा असेल तेव्हा ती सहा विमानं पूर्वेकडच्या कुरणांवरून सोडायची, असं ठरवून आला. तिकडच्या घोडे पाळणाऱ्या बाईने पुढच्याच गुरुवारी गोलमेजेवर येऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तिलाही आता खुर्ची मिळाली आहे. टेबल अजून चौकोनीच आहे.

जूनमध्ये तपासणीवाली बाई आली. सव्वा वाजता दारातून डोकावली. आठ गाद्या, आठ पोरं, आणि कोपऱ्यात लाइल, बो-चा हात धरून घोरत होता. बाईने त्याचंही नाव लिहून घेतलं, वयाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं. परवाना राहिला. खिडक्या कधीच आल्या नाहीत.

मागच्या महिन्यात मला उतरवलं. माझा स्पंज कुजला होता, एका बाजूने नीट ऐकूही येत नव्हतं. चौदा वर्षांत कुणी टोपी बदलली नाही. ती बदलायची कुणी यावर समितीत वाद होता. शिडी लाइलने आणली, खाली ग्रेडीने धरली. वेळ नेमकी दुपारी दीडची, आत पोरं झोपलेली.

"शिडी हलवतोयस," लाइल कुजबुजला.

"मी नाही, तू थरथरतोयस, भित्र्या."

"ढोलबडव्या."

"आकडेखाऊ. पडलास तर झेलणार नाही."

"पडेन तर तुझ्यावरच पडेन."

"हळू बोल. बो उठेल."

"तूच हळू बोल."

पाच मिनिटं दोघांनी एकमेकांचा उद्धार केला, आणि मी मोजला. चव्वेचाळीस डेसिबल. चौदा वर्षांत त्या गल्लीतलं हे सगळ्यात हळू आवाजातलं भांडण.

मित्रांनो, आता मी विमानतळाच्या अडगळीत एका खोक्यात आहे. इथे छान शांत आहे. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या गावात माझ्यासारखा कुणी खांबावर असेल, तर त्याची टोपी वर्षातून एकदा बदला. आणि तो तुमचं ऐकत असताना त्याच्या वतीने ओरडू नका. त्याला ऐकू द्या. भांडण सोडा असं मी म्हणत नाही, ते तुम्हाला जमणार नाही. फक्त आत कुणी झोपलंय का, तेवढं आधी बघत जा.