हौसाची दुसरी वाटी

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकीचाही विश्वास बसायचा नाही. बसला तर नावाचा रावजी नाही."

पडवीत बायका आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. हात मनगटापर्यंत लाल.

"टाका आबा, टाका एक थाप," चिमा म्हणाली.

सखू खाली मान घालून रातांबे फोडत होती. तिचा नवरा लग्नसराई उरकून कालच मुंबईच्या बोटीत बसला होता. घरात पाच पोरं. सकाळी सुईणीच्या दारातून ती पदराला गाठ मारत निघाली, ते मी पाहिलं होतं.

"आपल्या गावच्या हौसाची गोष्ट, तुम्ही इथं नांदायला यायच्या आधीची," मी म्हटलं. "नवऱ्याची बोट सुटली की मुळी उगाळून प्यायची, म्हणजे दिवस राहत नाहीत, असं सुईणीनं सांगितलं. मुळी कसली, वीज ती! उगाळताना थेंब सांडला पोफळीच्या बुंध्याशी, तर कोवळ्या सुपारीचे घोसच्या घोस खाली! कोंबडीनं त्यात चोच मारली, ती दुसऱ्या दिवशी आरवायला लागली."

बायका खिदळल्या.

"हौसानं वाटी तोंडाला लावली आणि भडाभडा ओकली. आपण शेतकरी माणसं. पहिला पेरा वाहून गेला तर काय करतो? दुसरा टाकतो. तिनं दुसरी वाटी घेतली. सांजेला डोळे फिरले, कानांत घंटा वाजायला लागल्या. रक्त थांबेना. गोधड्या बदलून सासू थकली. शेवटी डोलीत घालून चिपळूणच्या वाटेला..."

तेवढ्यात खांबाआड बसलेली राही दिसली. हौसाची लेक. ती माहेरी आलीय हे मला ठाऊकच नव्हतं. तिच्या मुठीत रातांबा चिरडला होता.

मी घाईघाईनं गोष्ट वळवली. "आणि काय सांगू, डॉक्टरनं एक सुई टोचली, तशी हौसा डोलीतून टुणकन उठली! रिकामी डोली स्वतःच्या खांद्यावर घेऊन घरी आली!"

सखूनं सुस्कारा सोडला. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला. "म्हणजे सोसतं म्हणायचं," ती पुटपुटली.

राही उठून उभी राहिली.

"खोटं बोलता, आबा! चिपळूण कुठलं? डोंगर उतरायच्या आधीच डोली माघारी फिरली. पुढच्या खांद्याला तुम्हीच होतात. आई आत होती, आणि मी हाका मारत होते, ती ओ देत नव्हती. सखूवैनी, टाक ती मुळी चुलीत!"