मरियाबाईची माती

राहुरीकडून मुळा धरणाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात देवळं दोन. एक मारुतीचं, एक ख्रिस्ती लोकांचं. दोन्हीला लोक देऊळच म्हणत. मरियाबाई पंचाहत्तरी उलटली तरी दर रविवारी पांढरं पातळ नेसून, काठी टेकत ख्रिस्ती देवळात भक्तीला जायची आणि पहिल्या बाकावर बसायची. तिचा मुलगा अमृत मात्र वीसेक वर्षांत तिकडं फिरकला नव्हता. तो साखर कारखान्यात वायरमन होता. आधी रविवारची पाळी असायची म्हणून जाणं राहिलं, मग बायको गेली, आणि पुढं पाळी नसली तरी पाय वळेनात. त्याचं भांडण कुणाशी नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "देव मनात असला म्हंजे झालं. त्याला बाकावर बसून दाखवायची काय गरज?"

मरियाबाई यावर वाद घालत नसे. जेवायला बसताना डोळे मिटून सगळ्या घराच्या वतीनं प्रार्थना म्हणायची. अमृत तेवढा वेळ हात आखडून थांबायचा आणि तिचं 'आमेन' झालं की भाकरी मोडायचा.

त्याची मुलगी आराधना आजीच्या हाताखाली वाढली होती. ती नर्सिंग शिकली आणि सरकारी दवाखान्याच्या भरतीत, राखीव जागेवर, तिचं नाव लागलं. घरात पेढे वाटून झाले आणि आठवड्यानं कळलं, की जात पडताळणी समितीकडं कुणीतरी निनावी अर्ज टाकलाय. त्यात लिहिलं होतं, की हे घर ख्रिस्ती आहे, यांना या जागेचा हक्क नाही.

अर्जातलं काही खोटं नव्हतं. अमृतचा आजा ख्रिस्ती झाला होता. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी 'हिंदू' लिहून पुढं जुनी जात टाकली, आणि तेच दाखल्यावरून दाखल्यावर चालत आलं. मरियाबाईचंसुद्धा रेशनकार्डावर नाव मनकर्णा होतं. गावात अशी घरं पुष्कळ. कागदावर एक, रविवारी एक. ख्रिस्ती ठरलं की सवलत जाते, म्हणून कुणी कुणाचा कागद उकरत नसे. यावेळी कुणीतरी उकरला होता.

अमृत आईजवळ जाऊन बसला. "आई, चौकशीचा साहेब येनार हाय. तवर देवळात जाऊ नगंस."

"किती दिवस?"

"निकाल लागस्तवर. सहा म्हईने धर."

मरियाबाई ज्वारी निवडत होती. तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "पोरीचं काम हुईल का त्यानं?"

"व्हईल."

"मग न्हाई जात."

इतक्या सहज सुटेल असं अमृतला वाटलं नव्हतं. त्यानं त्याच दिवशी भिंतीवरचा क्रूस उतरवला, बायबलच्या वचनांचं कॅलेंडर गुंडाळलं, आईचं गीतांचं पुस्तक पत्र्याच्या पेटीत तळाशी घातलं. शेजारच्या अजिनाथकडून लक्ष्मीआईची तसबीर मागून आणली आणि क्रूसाच्याच खिळ्याला अडकवली. खिळ्याभोवती क्रूसाच्या आकाराचा उजळ डाग राहिला होता. तसबिरीनं तो झाकला गेला.

पुढच्या रविवारी घंटा झाली तेव्हा मरियाबाई चुलीपुढं बसली होती. उठली, दारापर्यंत गेली आणि कडी लावून परत आली.

चौकशीचा साहेब बोलायला सभ्य होता. चहा नको म्हणाला, पाणी घेतलं. कुलदैवत कोणतं, लग्नात हळद कशी लावता, मयताला काय करता, असं एकेक विचारत तो लिहून घेत होता. अमृतनं उत्तरं पाठ केली होती. आराधना खाली मान घालून उभी होती. मग साहेब मरियाबाईकडं वळला.

"आजी, नाव काय तुमचं?"

"मनकर्णा."

"कोणता देव पुजता?"

तिनं तसबिरीकडं पाहिलं. "लक्ष्मीआई."

"तुम्ही येशूच्या देवळात जाता असं लोक सांगतात. खरं काय ते सांगा."

"न्हाई जात," ती म्हणाली. आणि साहेबाचं पेन थांबायच्या आत पुन्हा म्हणाली, "मी त्याला वळखत न्हाई."

हे शेवटचं वाक्य अमृतनं तिला शिकवलं नव्हतं. आराधनानं झटकन वर पाहिलं. येशूला धरून नेलं तेव्हा त्याच्याच शिष्यानं हेच शब्द म्हटले होते, हे तिनं आजीकडूनच ऐकलं होतं. साहेबानं तेही लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर अमृत सवयीनं हात आखडून थांबला. मरियाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला.

"आई, घरात कोन बघतंय? कर की प्रार्थना."

"कुनाला करू?" ती शांतपणे म्हणाली. "वळखत न्हाई म्हनले ना मी."

"आगं, ते कागदापुरतं हुतं. मनात तर हाय ना?"

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू लहान पोरानं काहीतरी विचारावं आणि त्याला समजेल असं उत्तर आपल्याजवळ नसावं. "अमृता, मनात काय ऱ्हातं रं? माझ्या मनात तर रोज नवं काय तरी येतं आन जातं. तोंडानं म्हनले, पायानं चालले, म्हनून तर ते हुतं."

त्यानंतर तिनं प्रार्थना केली नाही. रागावली नव्हती, रडत नव्हती. कामं करायची, विचारलं तेवढं बोलायची. पण संध्याकाळी गुणगुणायची ते थांबलं, आणि घर असं गप्प झालं की अमृत आल्या आल्या टीव्ही लावू लागला. त्याला वाटे, निकाल लागू दे, मग सगळं पहिल्यासारखं करू. क्रूस लावू, हिला स्वतः गाडीवर बसवून देवळात नेऊ.

निकाल लांबला. दिवाळीनंतर म्हातारीला खोकला लागला, मग ताप, मग छातीत पाणी झालं. दवाखान्यात आठ दिवस ठेवून घरी पाठवलं. ख्रिस्ती देवळाचे पाळक कृपादान शेवटी न राहवून आले. तिला प्रभुभोजन देता यावं म्हणून सोबत पिशवीत भाकर आणि द्राक्षरस होता. अमृतनं आधी रस्त्यावर नजर टाकली आणि मग त्यांना आत घेतलं.

"मरियाबाई, जय ख्रिस्त. प्रभुभोजन आणलंय."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "माझा हक्क न्हाई त्याच्यावर, पाळकसाहेब."

"क्षमा मागितली की मिळते, बाई."

"मागायला त्वांड पाह्यजे ना."

कृपादान अर्धा तास बसले. काही चाललं नाही. पिशवी तशीच उचलून ते गेले.

गुरुवारी भर दुपारी मरियाबाई गेली. आराधना तिच्या उशाशी होती. अमृत पाळी टाकून आला तेव्हा अंगणात माणसं जमू लागली होती आणि अजिनाथ सरपणाचं विचारत होता. आराधनानं बापाला आत ओढलं.

"पप्पा, आजीला मातीच द्यायची. आईच्या शेजारी. पाळकसाहेबांना फोन करा."

"निकाल यायचाय आराधना. ख्रिस्ती दफनभूमीत नेली तर कुनी तरी फोटो काढंल. मंग समदं गेलं."

"जाऊ दे. नको मला नोकरी."

"आता म्हनतीस?" अमृतचा आवाज चढला. "तिनं सहा म्हईने कशापायी काढले मंग? तिचं त्ये बी वाया घालवू?"

आराधना परत आजीच्या उशाशी जाऊन बसली. अमृतला आपलं बोलणं बरोबर की चूक हे कळत नव्हतं. बाहेर लोक थांबले होते आणि काहीतरी ठरवणं भाग होतं. त्यानं अजिनाथला सांगितलं, "लाकडं आना."

नदीकाठच्या स्मशानात चिता रचली. अर्ज कुणी टाकला होता हे कधीच कळलं नव्हतं, त्यामुळं अमृत जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत होता. वरच्या बांधावर बाभळीपाशी कृपादान आणि ख्रिस्ती मंडळीतल्या सात-आठ बाया येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात पुस्तक होतं. अमृत मडकं खाली ठेवून चढ चढून गेला आणि हात जोडले.

"पाळकसाहेब, पाया पडतो. गाऊ नका."

"एक गीत, अमृत. चाळीस वर्षं ती आमच्यात बसली."

"मनात म्हना. देवाला मनातलं बी समजतं."

कृपादानांनी त्याच्याकडं पाहिलं, मग बायांकडं वळून मान हलवली. पुस्तक मिटलं गेलं. चिता पेटून अर्धी होईपर्यंत त्या तिथं तशाच, ओठ मिटून, उभ्या होत्या. अमृतनं तीन फेऱ्या घातल्या, मडकं फोडलं, शंख केला. सगळं रीतीप्रमाणं झालं. त्यातलं एकही मरियाबाईचं नव्हतं.

निकाल माघात आला. दाखला वैध ठरला. आराधना लांब नांदेडकडं रुजू झाली. फोन करते, जेवलात का, औषध घेतलं का, विचारते. आजीचा विषय काढत नाही, आणि सुट्टीला गावी यायचं म्हटलं की तिला ड्युटी असते.

अमृत एकटा जेवायला बसतो. एकदा त्यानं डोळे मिटून पाहिलं. इतकी वर्षं रोज दोन वेळा ऐकलेली प्रार्थना, पण पहिल्या ओळीपुढं त्याला एक शब्द आठवेना. ती म्हणायची आणि तो थांबायचा, एवढंच त्याचं धर्माशी नातं होतं. मनात आहे म्हणून जे तो सांगत आला होता, ते चाचपून पाहिलं तर मनात काही नव्हतं. होतं ते आईच्या तोंडात होतं.

दोन दिवसांनी तो पाळकांच्या घरी गेला. कृपादान ओसरीवर चष्मा पुसत बसले होते.

"पाळकसाहेब, आईनं नाकारलं आन तशीच गेली. तिचं काय झालं असंल?"

कृपादानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुला बरं वाटेल असं काहीतरी मी सांगू शकतो," ते म्हणाले. "पण मला माहीत नाही, अमृत. खरंच माहीत नाही."

"निदान मंडळीच्या वहीत तिचं नाव लिवा. मरिया म्हनून. गेलेल्यांच्यात."

"ते करतो." त्यांनी आतून मयतांची लांबट वही आणली, पान काढलं, तारीख घातली. "बाप्तिस्म्याची जुनी वही वाळवीनं खाल्ली, म्हणून तुमचं काही सापडलं नाही चौकशीत," ते सहज बोलून गेले आणि पेन टेकवलं. "मरियाबाई... मुलगा अमृत, नात आराधना. असंच लिहू ना?"

अमृतचा हात पुढं झाला आणि वहीवर पडला. उद्या पुन्हा अर्ज झाला तर? पुन्हा चौकशी लागली, आणि ही वही कुणी उघडली तर?

"नगं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. लिवू नका."

कृपादानांनी लिहिलेल्या तारखेवर एक आडवी रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं. अमृत उठला. दुपारची पाळी होती, दोनच्या आत गेटवर पोचायचं होतं.