माझा ब्रेक पक्का होता

मी एक जुनी बाबागाडी आहे. निळ्या कापडाची, उंच चाकांची, कोपनहेगनच्या एका अंगणात सायकलींच्या मागे उभी केलेली. मित्रांनो, माझ्याविषयी जे सांगितलं जातं ते खरं नाही, म्हणून आज मीच बोलते.

टोव्हेबाईंनी मला त्यांच्या बाळासाठी, आस्गरसाठी घेतलं. आमच्याकडे बाळं दुपारची उघड्यावरच झोपतात, बर्फ पडत असला तरी. आई खिडकीआड कॉफी पिते आणि बाहेर आम्ही बाळ सांभाळतो. दात येताना आस्गरने माझं छत कुरतडलं. तिथे टोव्हेबाईंनी लाल दोऱ्याने ठिगळ लावलं. पुढे ते चाचपल्याशिवाय त्याला झोप येत नसे. "ही गाडी नसती तर माझे हाल कुत्र्याने खाल्ले नसते," असं टोव्हेबाई शेजारणींना सांगत.

मग बरीच वर्षं तळघरात गेली. आस्गरला मुलगी झाली, आल्मा, तेव्हा त्याने स्वतः मला वर आणलं, चाकांना तेल घातलं. माझा आनंद गगनात मावेना.

त्या वसंतात आस्गरचा मित्र पाले खेड्यातून शहर बघायला आला. आल्माची आई रिक्के कामावर गेली होती. आस्गरने आल्माला माझ्यात निजवलं आणि आम्ही निघालो. राजवाड्यासमोरचा पहारा बदलताना पाहिला, बंदरावरची रंगीत घरं पाहिली. दगडी रस्त्यांवर माझी हाडं खिळखिळी झाली, पण आल्मा गाढ झोपली. मग ते दोघे दालचिनीचे पाव खायला एका कॅफेत शिरले. आस्गरने मला बाहेर भिंतीशी लावून ब्रेक दाबला. शेजारी तशीच एक निळी गाडी उभी होती.

दोघे बाहेर आले ते बोलत बोलतच.

"आता तुला जलपरीची मूर्ती दाखवतो," आस्गर म्हणाला.

"एवढीशी तर आहे म्हणतात."

"अरे, आधी बघ तर."

आणि त्याने शेजारच्या गाडीचा ब्रेक काढला. ती ढकलत तो निघूनही गेला. ज्याने माझं ठिगळ चाचपत बाळपण काढलं, त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही.

थोड्या वेळाने त्या दुसऱ्या गाडीतल्या बाळाची आई कॅफेतून बाहेर आली आणि पांढरीफटक पडली. माझ्यात आल्मा जागी होऊन रडत होती. ती बाई स्वतः रडत होती, तरी मला झुलवत राहिली. तेवढ्यात आस्गर धापा टाकत गाडीसकट परत आला. वाटेत पांघरूण सारून पाहिलं, तर आत भलताच मुलगा.

"बाळ पांघरुणात असतं, मान्य," ती बाई म्हणाली. "पण स्वतःची गाडी तरी ओळखायची होतीत."

"चुकलो हो," आस्गर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

घरी गेल्यावर पाले बोलून गेला, "वहिनी, आज आल्मा हरवलीच होती."

"काय?" रिक्के उठून उभी राहिली.

"काही नाही गं," आस्गर घाईने म्हणाला. "गाडीचा ब्रेक निसटला. जरा घरंगळली, मी लगेच पकडली."

पाले आपल्या बुटांकडे बघत बसला.

"ह्या खटाऱ्यात माझी मुलगी पुन्हा बसणार नाही," रिक्के म्हणाली. तिला काय दोष देऊ?

नवी तीनचाकी गाडी आली आणि मी अंगणात गेले. रविवारी टोव्हेबाई आल्या. त्यांनी माझा ब्रेक दाबला आणि अंगाचा सगळा भार टाकून मला ढकललं. मी तसूभर हलले नाही. त्यांनी वळून आस्गरकडे पाहिलं.

"लहानपणी खोटं बोललास की असेच लाल व्हायचे तुझे कान."

"आई, रिक्केला सांगू नकोस ना."

मला वाटलं, आता टोव्हेबाई माझी बाजू घेतील. तेवढ्यात रिक्केने खिडकीतून विचारलं, "बघितलात ना ब्रेक?"

टोव्हेबाईंनी माझं ठिगळ एकदा चाचपलं. "जुनी झालीये गं," त्या म्हणाल्या. "आता काही खरं नाही तिचं."

आस्गर विसरला, ते मी सोसलं असतं. पण त्यांना सगळं ठाऊक होतं.

आता माझ्यात लोक रिकाम्या बाटल्या टाकतात. आल्मा चालू लागली आहे. कधीकधी ती येऊन माझ्या ठिगळावर बोट फिरवते, मग वरून हाक येते, "आल्मा, लांब हो, ती गाडी घसरते."

मित्रांनो, तुमच्या हातून चूक झाली तर ती आपल्या तोंडाने सांगा. ज्याला तोंड नाही त्याच्यावर ढकलू नका. आणि ह्या अंगणात कधी आलात, तर मला एकदा ढकलून बघा. टोव्हेबाईंनी दाबलेला ब्रेक अजून कुणी काढलेला नाही.