दहा बोटांचा दवाखाना

बाईच्या उघड्या पोटात त्या माणसाची चार बोटं आत गेली, रक्ताची धार कुशीवरून चादरीवर उतरली आणि जुन्या टायरच्या गोदामात दाटीवाटीने उभे असलेले तीनशे लोक एकदम ओरडले. पुढच्याच क्षणी त्याने हात वर केला. चिमटीत काळपट, गिळगिळीत, लिंबाएवढी गाठ लोंबत होती.

“सुरी नाही, टाका नाही, भूल नाही!” तो गरजला. “ही दहा बोटं म्हणजे माझे दहा सर्जन! तुमच्या आतड्यात मूळपेशी झोपल्यात, मूळपेशी! डॉक्टर त्यांना औषधं घालून मारतो, मी हाक मारून उठवतो. उठल्या की त्याच रोगाला धक्के मारून बाहेर काढतात!”

लोक त्याला ‘हातवाले’ म्हणत. पोट पुसून बाई उठली, तर कातडीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. मागची माणसं पुढच्यांच्या पाठीवर चढली. रेटारेटीत एका म्हाताऱ्याचं नाक फुटलं, तरी रक्ताळलेल्या तोंडाने तो टाळ्या पिटत होता.

मी त्या गर्दीत होते ते दादासाठी. त्याचा तिसरा नंबर होता.

माझा मोठा भाऊ बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डर. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, हे दुखणं त्याच्या मागे बारा वर्षं लागलेलं. गोळ्या घेतल्या की आटोक्यात, सोडल्या की दिवसातून दहादा रक्ताचे जुलाब. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर चढवायचे, हे माझं अठरा वर्षांचं काम. दादाच्या आतड्याचा शेवटचा तुकडाही मीच कापला होता. तो तपासल्यावर पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, “पेशी बिघडायला लागल्यात. कॅन्सरच्या अलीकडची पायरी आहे ही. मोठं आतडं काढून टाकू, म्हणजे तुम्ही वाचाल.”

“आणि पोटावर पिशवी लावून हिंडू?” दादा म्हणाला. “त्यापेक्षा मेलेला बरा.”

मी त्याला घरी बसवून समजावलं. “दादा, आतड्याच्या अस्तरात लाखो बारीक खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाशी थोड्या मूळपेशी. नव्या पेशी बनवायच्या आणि वर ढकलायच्या, एवढंच त्यांचं काम. चार-पाच दिवसांत सगळं अस्तर नवं होतं. सूज आली की अस्तर जळतं आणि दुरुस्तीचा सगळा भार त्यांच्यावर पडतो. तू बारा वर्षं एकाच सांध्यावर वेल्डिंग मारत राहिलास तर काय होईल?”

“पत्रा जाईल की.”

“तसंच. घाईघाईत नकला काढताना चुका होतात. चुकलेली एक मूळपेशी आपल्यासारख्याच पेशींनी अख्खा खळगा भरून टाकते. मग शेजारचा. पुढे त्यालाच आपण कॅन्सर म्हणतो.”

त्याला सगळं कळलं. कळलं म्हणूनच तो घाबरला, आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या हातात हातवाल्यांचं पत्रक पडलं. त्याने गोळ्या मोरीत ओतल्या.

आता तो त्या टेबलावर आडवा होता आणि वहिनी उशाशी उभी होती. हातवाल्यांनी आधी मूठ वळून, अंगाचं सगळं वजन टाकून, दादाचं सुजलेलं पोट रगडायला सुरुवात केली. मी ओरडले, “दाबू नका! आतडं फुटेल!” दादाची किंकाळी त्याहून मोठी होती.

“पकडा त्याला!” हातवाले म्हणाले. “तो नाही ओरडत, गाठ ओरडतेय!”

चार दांडग्यांनी त्याचे हातपाय आवळले. दादाने ओठ चावून फोडला. मग बोटं आत गेली, रक्त आलं, गाठ निघाली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये पडली. मी झेप घेतली, ती उचलली आणि कपड्यांच्या आत कोंबली.

“चोर! गाठ पळवतेय! शाप लागेल सगळ्यांना!”

पहिली लाथ कमरेत बसली. मी पडले. कोणीतरी केस धरून फरफटवलं, कोणाचा तरी बूट माझ्या डाव्या हातावर आला आणि करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज मला माझ्याच कानांनी ऐकू आला. ज्या म्हाताऱ्याचं नाक फुटलं होतं, तोही काठीने मारत होता. दादा टेबलावरून उतरून वाकत वाकत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, सोडवेल. त्याने सणसणीत थोबाडीत दिली.

“माझं बरं होणं बघवत नाही का गं तुला?”

शटरबाहेर फेकलं तेव्हा माझ्या तोंडात रक्त होतं. गाठ मात्र कपड्यांत शाबूत होती.

मोडलेल्या करंगळीला पट्टी बांधून घेऊन मी ती तशीच प्रयोगशाळेत दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी काच तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि मला म्हणाल्या, “तूच बघ.”

तांबड्या रक्तपेशींच्या मधोमध गडद ठिपके होते. प्रत्येकीत एक केंद्रक. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. पक्ष्याच्या पेशीत असतं. दादाच्या पोटातून निघालेला रोग म्हणजे कोंबडीच्या कलेजीचा तुकडा होता, वर पातळ पडदा गुंडाळलेला.

मी हसले की रडले, आठवत नाही. कारण तेवढ्यात वहिनीचा फोन आला. “ताप फणफणलाय. पोट लाकडासारखं कडक झालंय. हात लावू देत नाहीत. ये गं, लवकर ये!”

रगडल्यामुळे आतडं फुटलं होतं. पोटभर घाण आणि पू. चार तास शस्त्रक्रिया चालली. मोठं आतडं काढावंच लागलं, फरक इतकाच की शांतपणे होऊ शकलं असतं ते जिवावर बेतून झालं. काढलेलं आतडं माझ्याच टेबलावर आलं. मोडकी करंगळी सांभाळत मी त्याचे काप घेतले. एका जागी खळग्यांची रांग उधळून पेशी खालच्या थरात घुसू लागल्या होत्या. कॅन्सर सुरू झाला होता, पण आतड्याबाहेर पडला नव्हता.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर वहिनी अचानक म्हणाली, “त्या दिवशी हातवाल्यांचा हात मी कपाळाला लावला होता. अंगठा थंड लागला. रबरासारखा.”

गाठ कशाची निघाली होती, ते मी तिला सांगितलं. मग आम्ही दोघी उठून डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

पुढच्या रविवारी गोदामात वहिनी टेबलावर झोपली. डॉक्टरीणबाई आणि ओळखू येऊ नये म्हणून तोंडावर ओढणी घेतलेली मी गर्दीत, दाराशी आम्ही बोलावलेला एक पोलीस. हातवाल्यांनी कापसाचा बोळा उचलला, मूळपेशींना हाक मारली आणि बोटं पोटावर टेकवली. वहिनीने दोन्ही हातांनी त्यांचा पंजा पकडला आणि सगळा जीव लावून ओढला.

अंगठा निघून तिच्या हातात आला! कातडीच्या रंगाचं पोकळ रबरी टोपण. त्यातून लाल पाणी तिच्या मनगटावर सांडलं. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा पिंजला, तर आतून गाठ टेबलावर घरंगळली.

“बोटं आत जात नाहीत,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “मुडपतात. पोटाची वळी वर येते, तिच्याआड बोटं लपतात. रक्त अंगठ्यातलं, गाठ कापसातली, आणि तीही कोंबडीच्या कलेजीची!”

मग ज्या हातांनी मला मारलं होतं तेच हात हातवाल्यांवर पडले. खुर्च्या मोडल्या, ट्रे त्यांच्या डोक्यात बसला, भुवई फाटली. ते टेबलाखाली सरपटले. लोकांनी पाय धरून बाहेर ओढलं आणि बरगड्यांवर नाचले. पोलीस शिट्टी फुंकत राहिला.

“मला हॉस्पिटलात न्या!” हातवाले किंचाळले. “सर्जनला बोलवा कोणीतरी!”

“का?” वहिनी म्हणाली. “दहा आहेत ना तुमच्याकडे?”

खरं सांगते, मलाही थांबवावंसं वाटलं नाही. करंगळी ठणकत होती, दादाची किंकाळी कानात होती. पण त्यांच्या तोंडातून फेसाळ रक्त यायला लागलं आणि मी ओळखलं, बरगडी फुप्फुसात घुसली. मी मधे शिरले. एक ठोसा माझ्याही जबड्यावर बसला.

“ह्याला ठार मारून कोणाच्या पोटातला रोग जाणार आहे?” मी ओरडले. “काल विचार न करता ह्याच्या पाया पडलात, आज विचार न करता जीव घेताय. फरक काय?”

पोलिसाने आणि डॉक्टरीणबाईंनी मिळून त्यांना रुग्णवाहिकेत घातलं. ते वाचले. खटला झाला, शिक्षाही झाली.

त्या दिवशीची पहिली बाई चार महिन्यांनी आमच्याकडे आली. गाठ निघाली या भरवशावर तिने उपचार थांबवले होते. कॅन्सर यकृतात उतरला होता. दोन महिन्यांत ती गेली. त्या खटल्यात तिची हत्या कुठेच नोंदलेली नाही.

दादा मात्र पाच महिन्यांनी कामावर रुजू झाला. पहिल्या दिवशी कामावर निघण्याआधी माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “मी तुला मारलं. तुझं खरं होतं हे कळत होतं, म्हणूनच मारलं.”

या वाक्यावर मी खूप विचार केला. भीती माणसाला मूर्ख नाही करत, ती त्याला खरं बोलणाऱ्यावर हात उगारायला लावते. म्हणून घाबरलेल्या माणसाला हसू नका, त्याला एकटं सोडू नका. आणि कोणी तुमच्यासमोर चमत्कार करून दाखवला, तर अदबीने सांगा, बाह्या वर करा, आम्हाला तपासू द्या. तपासायला जो नाही म्हणतो, त्याच्या टेबलावर आपलं माणूस झोपवू नका.