तळ्यातली पेटी

त्या मार्चमध्ये कुशलला बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. नाशिकला त्याचे वडील आबासाहेब अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि हा दोह्यात अडकून पडलेला. कतारबाहेर पडायचं तर एक्झिट परमिट हवं, त्यावर कफीलची, म्हणजे मालकाची सही हवी. आणि मालक ससाणे घेऊन शिकारीला गेला होता तो कुठल्या वाळवंटात, ते देव जाणे. ऑफिसातला रत्नागिरीचा रियाज रोज तेच सांगायचा, "उद्या होईल साहेब, इन्शाल्ला."

तेच कुशल संध्याकाळी फोनवर सांगायचा. "उद्या निघतो, आबा." आजारी माणसाला धीर द्यावा, ही आपल्याकडची रीत. रीत कसली, पळवाट. तिकडे पोरगा आडवेळी येईल म्हणून म्हातारा दाराला कडी लावू देत नव्हता.

त्या संध्याकाळीही तो फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालत होता. टेबलाशी त्याची मुलगी नुपूर हिरव्या कागदाची उंच टोपी चिकटवत होती. शाळेत आयरिश बाईंनी पॅट्रिक नावाच्या संत बिशपची गोष्ट सांगितली होती, त्याचीच ही टोपी. फार पूर्वी धर्मप्रसारासाठी आयर्लंडला गेलेल्या या बिशपने म्हणे तिथले सगळे साप समुद्रात हाकलले. एक म्हातारा साप मात्र हलेना. त्याला त्याने गोड बोलून पेटीत घातलं, पेटी तळ्यात सोडली आणि सांगितलं, उद्या सोडवीन. अजूनही रोज सकाळी पेटीतून साप विचारतो, उद्या उजाडला का?

"बट बाबा, ही वॉज अ सेंट," नुपूर म्हणाली. "मग तो खोटं का बोलला?"

कुशल जागीच थांबला.

"आबांना फोन लाव," तो बायकोला म्हणाला.

शशिकलाने त्याचा चेहरा पाहिला. "अहो, भलतंसलतं बोलू नका. नाशिकच्या वहिनी म्हणत होत्या, तुमच्या वाटेवरच आबांचा जीव अडकलाय."

"म्हणूनच."

वहिनींनी फोन आबांच्या कानाशी धरला. आबांचा श्वास घरघरत होता.

"निघालास?"

"नाही आबा. सही झाली नाही, कधी होईल ते मला माहीत नाही. इतके दिवस खोटं सांगत होतो. माझी वाट बघत बसू नका." तो सरळ रडायला लागला.



"जेवलास का?" आबांनी विचारलं.

"जेवतो."

"जेव." मग फोनपासून तोंड फिरवून, पण स्पष्ट, "सूनबाई, आज दाराला कडी लावून घे."

चपलांचा आवाज लांब गेला. मग कडी सरकल्याचं कुशलने ऐकलं.